हिरवा माणूस लुकलुकायला लागला की काय करायचं, आणि त्याचे सेकंद ठरतात कसे

सिग्नलवरचा चालणारा हिरवा माणूस लुकलुकायला लागला की बहुतेक लोक एकतर पळत सुटतात नाहीतर रस्त्याच्या मध्यातून मागे फिरतात, आणि दोन्हीची गरज नसते. लुकलुकण्याचा अर्थ एवढाच की आता नवीन कोणी रस्त्यात उतरू नका, जे आधीच उतरलेत त्यांना पलीकडे पोचण्यापुरता वेळ शिल्लक आहे, त्यांनी आपल्या चालीने चालत जावं. निदान गणित तरी तसं केलेलं असायला पाहिजे. ते तसं केलंय की नाही हे आपण स्वतः तपासू शकतो, मोबाइलमधला स्टॉपवॉच आणि पावलं मोजण्याची तयारी एवढंच लागतं, म्हणून ही पोस्ट लिहितेय.

हे कोणी सांगत नाही हो. लायसन्स काढताना गाडी चालवणाऱ्याला लाल पिवळा हिरवा विचारतात, पायी चालणाऱ्याला कोण काय विचारणार, आणि शाळेतही "लाल म्हणजे थांबा" याच्या पुढे गाडी जात नाही. माझ्या आईचे गुडघे दुखायला लागल्यापासून बाहेर पडलो की मी तिच्या वेगाने चालते, आणि तिच्या वेगाने चाललं की नाशिकमधला प्रत्येक रस्ता रुंद होतो. मुंबई नाका असो, सीबीएस असो, नाशिकरोडचा बिटको असो, मी एकटी असताना ज्या चौकाचा कधी विचार पण केला नव्हता तिथे आता उतरायच्या आधी मनात हिशोब सुरू होतो. मी सातपूरला कंट्रोल पॅनल बनवणाऱ्या एका कारखान्यात काम करते, टायमर, रिले, पीएलसी (यंत्रं चालवणारा छोटा संगणक), इंटरलॉक हे रोजचंच, त्यामुळे सिग्नलच्या खांबाशेजारी जी राखाडी पत्र्याची पेटी असते ना तिच्यात काय चाललं असेल हे मला तसं अनोळखी नव्हतं, पण त्या पेटीत पायी माणसाची जागा कुठे आहे हे शोधायला बसले तेव्हा बऱ्याच गोष्टी नव्याने कळल्या.

पहिली गोष्ट, जी मला फार आवडली, म्हणजे जगातला पहिला ट्रॅफिक सिग्नल पायी चालणाऱ्यांसाठी लावलेला होता. डिसेंबर १८६८, लंडन, पार्लमेंटच्या बाहेरचा रस्ता. तेव्हा मोटारी नव्हत्याच, पण घोडागाड्यांची इतकी गर्दी की खासदारांना रस्ता ओलांडणं मुश्किल झालं होतं. जॉन पीक नाइट नावाचे रेल्वेतले इंजिनिअर होते, त्यांनी रेल्वेचा हात वर-खाली होणारा सिग्नल रस्त्यावर आणला, दिवसा हात दिसायचा आणि रात्री गॅसचे लाल-हिरवे दिवे, आणि खाली एक पोलीस उभा राहून तो चालवायचा. महिनाभरात, जानेवारी १८६९ मध्ये, गॅस गळून स्फोट झाला, ड्युटीवरचा पोलीस जबर भाजला आणि तो सिग्नल काढून टाकला. विजेवरचा सिग्नल यायला १९१४ उजाडलं, अमेरिकेत क्लीव्हलँडला, आणि चारी बाजूंना लाल-पिवळा-हिरवा असा तीन दिव्यांचा सिग्नल १९२० मध्ये डेट्रॉइटला विल्यम पॉट्स या पोलिसाने केला. तोपर्यंत मोटारी आल्या होत्या आणि सिग्नलचं सगळं लक्ष गाड्यांकडे गेलं होतं, चालणारा मागे पडला.

आता पेटीत काय असतं ते बघू. सिग्नल एक चक्र फिरवत असतो, त्याला सायकल टाइम म्हणतात, म्हणजे एका बाजूचा हिरवा लागल्यापासून पुन्हा त्याच बाजूचा हिरवा लागेपर्यंतचा वेळ. त्या चक्राचे तुकडे म्हणजे फेज. आपल्याकडच्या मोठ्या चौकात बहुतेक वेळा चारही रस्ते एकेक करून सोडतात, म्हणजे चार फेज. समजा प्रत्येकाला ३० सेकंद हिरवा, मग ३ सेकंद पिवळा, मग २ सेकंद सगळीकडे लाल, असे ३५ सेकंद, गुणिले चार, १४० सेकंदांचं चक्र झालं. तुमचा हिरवा हुकला तर जवळपास दोन मिनिटं उभं राहायचं.

पिवळा ३ सेकंदच का, तर त्याला पण हिशोब आहे. ड्रायव्हरला दिवा बदललेला कळून पाय ब्रेकवर जायला साधारण १ सेकंद धरतात, आणि मग गाडी न घसरता आरामात थांबेल इतका वेळ. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास १४ मीटर, आरामशीर ब्रेक सेकंदाला ३ मीटरने वेग कमी करतो असं धरलं तर सूत्रात उत्तर येतं ३.३ सेकंद. ताशी ४० ला ३ च्या जरा खाली. म्हणजे पिवळा त्या गाडीवाल्यासाठी आहे जो इतका जवळ आलाय की थांबलाच तर चौकात जाऊन थांबेल, लांबून पिवळा बघून एक्सलेटर पिळणाऱ्यासाठी तो वेळ धरलेलाच नाही, आणि तो जे सेकंद खातो ते बहुतेक वेळा कोपऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या वाट्याचे असतात. त्यानंतरचे ते सगळीकडे लालचे २ सेकंद, तो चौक रिकामा व्हायचा वेळ. रुंद चौक असेल तर जास्त लागतो, आणि सायकलवाल्याला तर २ सेकंदात काहीच होत नाही.

पेटीतली अजून एक गोष्ट जी माझ्या धंद्यातली आहे म्हणून सांगते. मोटर सुलट आणि उलट फिरवणारे दोन्ही कॉन्टॅक्टर (मोटरला वीज जोडणारे मोठे स्विच) एकदम ओढले गेले तर शॉर्ट होतो, म्हणून आम्ही इंटरलॉक टाकतो, एक ओढला असेल तर दुसरा ओढलाच जाणार नाही. सिग्नलच्या चांगल्या कंट्रोलरमध्ये याच विचाराचा एक वेगळा भाग असतो, कॉन्फ्लिक्ट मॉनिटर, तो मुख्य प्रोग्रामवर विश्वास ठेवत नाही, तारांवर प्रत्यक्ष व्होल्टेज कुठे आहे ते बघत बसतो, आणि एकमेकांना आडव्या जाणाऱ्या दोन बाजूंना एकदम हिरवा गेलेला दिसला की काही क्षणांत सगळा सिग्नल ब्लिंकिंगवर टाकतो. त्यामुळे अचानक ब्लिंक करणारा सिग्नल दिसला तर तो नुसता बंद पडलाय असंच नसतं, कधीकधी त्याने स्वतःला सुरक्षित बाजूला टाकलेलं असतं. ब्लिंकिंग पिवळा म्हणजे हळू व्हा आणि बघून जा, ब्लिंकिंग लाल म्हणजे पूर्ण थांबा, बघा, मग जा.

बरं, मग कोणत्या बाजूला किती हिरवा द्यायचा हे कोण ठरवतं? यासाठी जगभर शिकवलं जाणारं एक सूत्र आहे, ब्रिटनमधल्या रोड रिसर्च लॅबोरेटरीत वेबस्टर यांनी १९५८ मध्ये दिलेलं. फेज बदलताना दर वेळी जो वेळ वाया जातो तो सगळा मिळवायचा (गाड्या सुटायला सुरुवातीला दोनेक सेकंद जातातच, शिवाय शेवटचा पिवळ्या-लालमधला थोडा), त्याची दीडपट करून त्यात ५ मिळवायचे आणि चौकाच्या क्षमतेचा जेवढा भाग रिकामा उरलाय त्याने भागायचं. चार फेजमध्ये मिळून १६ सेकंद वाया जात असतील आणि चौक पाऊण क्षमतेने भरलेला असेल तर उत्तर येतं ११६ सेकंद, तोच चौक ८५ टक्के भरला की १९३ सेकंद. संध्याकाळी सात वाजता सिग्नल इतका लांबलचक का वाटतो त्याचं कारण यात आहे, गर्दी थोडीशीच वाढते पण चक्र भरमसाट लांबतं.

हे सूत्र समजल्यावर मी जरा वेळ नुसती बसून राहिले, कारण यात पायी माणूस कुठेच नाहीये. ते गाड्यांचा एकूण खोळंबा कमीत कमी व्हावा म्हणून केलेलं आहे आणि त्या कामासाठी ते उत्तमच आहे, पण कोपऱ्यावर पिशवी घेऊन उभी असलेली बाई किती वेळ उभी आहे हे त्यात मोजलं जात नाही. ती नंतर येते, एक अट म्हणून, की बाबा हिरवा एवढ्यापेक्षा कमी करू नको नाहीतर माणसं पोचणार नाहीत. आणि लांब चक्राचा सगळ्यात जास्त त्रास तिलाच, कारण गाडीवाला बसलेला असतो, ती उन्हात उभी असते. साधारण ३० सेकंदांच्या पुढे थांबावं लागलं की पायी माणसाचा धीर सुटायला लागतो आणि तो मिळेल त्या फटीतून निघतो, असं ट्रॅफिकवाले इंजिनिअरसुद्धा मानतात. लोकांना शिस्त नाही असं आपण सहज म्हणतो, पण १४० सेकंदांच्या चक्रात शिस्त पाळणं म्हणजे काय हे एकदा दुपारी एक वाजता मे महिन्यात उभं राहून बघावं.

आता त्या अटीकडे येते, हाच माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा भाग. आपल्याकडे इंडियन रोड्स काँग्रेस या रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या नियमांप्रमाणे सिग्नलचा हिशोब करतात, त्यात पायी माणसाचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरतात आणि सुरुवातीला उतरायला ७ सेकंद. म्हणजे रस्त्याची रुंदी भागिले १.२, अधिक ७. दोन्ही बाजूंना तीन-तीन लेन, कडेची जागा, मधला डिव्हायडर असं सगळं धरून २४ मीटरचा रस्ता घेतला तर २४ भागिले १.२ म्हणजे २० सेकंद, अधिक ७, एकूण २७. पहिले ७ सेकंद हिरवा माणूस स्थिर आणि पुढचे २० लुकलुकणारा, असा त्याचा अर्थ. लुकलुकायला लागायच्या आदल्या क्षणी जरी तुम्ही पाऊल टाकलं तरी २० सेकंदात पोचता, म्हणून पळायची गरज नाही.

पण १.२ मीटर म्हणजे कोण? धडधाकट माणूस, बऱ्यापैकी चालीने. माझी आई मी मोजली, फुटपाथवर, गप्पा मारत, तिला न सांगता, सेकंदाला साधारण ०.८ मीटर भरते आणि हातात भाजीची पिशवी असली की त्याहून कमी. ०.८ ने २४ मीटरला ३० सेकंद लागतात. म्हणजे हिरवा लागल्या लागल्या पहिल्या क्षणी जरी ती उतरली तरी २७ सेकंदात २१.६ मीटरच होतात, राहतात २.४ मीटर. हे २.४ मीटर कुठले, तर पलीकडच्या कडेची शेवटची लेन, जिथे रिक्षा आणि बस कडेला घेतात आणि टू-व्हीलर डावीकडून घुसतात. हिशोब तिला बरोबर तिथे नेऊन सोडतो. एखाद्या आकड्यात एक दशांश इकडे-तिकडे झाला तर कोणाचा जीव कुठे अडकतो हे असं कागदावर दिसलं की अंगावर येतं. अमेरिकेत २००९ मध्ये त्यांनी त्यांच्या नियमात हा वेग १.२ वरून जवळपास १.०७ वर आणला, म्हातारी माणसं वाढली, त्यांना वेळ पुरत नाही म्हणून. एवढ्याशा बदलाने २४ मीटरच्या रस्त्याला अडीच सेकंद वाढतात, आणि ते अडीच सेकंद कोणाला लागतात ते वर बघितलंच.

सिंगापूरने अजून छान केलंय. तिथे २००९ पासून काही क्रॉसिंगवर ज्येष्ठ नागरिकांनी आपलं कार्ड बटणाच्या वर टेकवलं की हिरवा माणूस रस्त्याच्या रुंदीप्रमाणे ३ ते १३ सेकंद जास्त राहतो. सगळ्यांना नेहमी जास्त वेळ द्यायची गरज नाही, ज्याला हवा त्याने मागून घ्यायचा. ब्रिटनमध्ये पफिन नावाचे क्रॉसिंग आहेत तिथे खांबावरचे सेन्सर माणूस अजून रस्त्यात आहे का ते बघतात, असेल तर गाड्यांचा लाल धरून ठेवतात, आणि बटण दाबून माणूस निघून गेला असेल तर मागणी रद्दच करतात.

बटणाचं पण सांगून टाकते, कारण मुंबई-पुण्यात किंवा परदेशात गेलं की लोक ते दहादा दाबतात. बटण दाबलं की कंट्रोलरमध्ये एक मागणी नोंदली जाते, बास, एकदा दाबा नाहीतर वीसदा, नोंद एकच. ती लगेच अमलात येत नाही, चक्रात माणसाची जागा जिथे ठेवलीय तिथे आल्यावर येते. आणि जिथे चक्र ठरलेल्या वेळेचंच आहे, माणूस असो नसो हिरवा माणूस लागतोच, तिथे बटणाला कामच उरत नाही. न्यूयॉर्कमधली बहुतेक बटणं अशीच वर्षानुवर्षं नुसती बसवलेली होती, दाबून काही होत नव्हतं. गाड्यांना बटण लागत नाही कारण त्यांच्यासाठी रस्त्यात तारेची वेटोळी पुरतात, त्यात थोडा करंट फिरत असतो, वर धातूची मोठी वस्तू आली की वेटोळ्याचा इंडक्टन्स (एक विद्युत गुणधर्म) बदलतो आणि कंट्रोलरला कळतं की गाडी उभी आहे. आता कॅमेरे आणि रडार पण वापरतात. माणूस काही धातूचा नसतो, त्यामुळे अशा सिग्नलला माणूस उभा आहे हे कोणीतरी वेगळं सांगावं लागतं.

आता आपल्या चौकांची जी खास गोष्ट आहे तिच्याकडे येते, चारही रस्ते एकेक करून सोडायची पद्धत. हे मी वहीत चौक काढून, चारही बाजूंना बाण मारून बघितलं आणि मगच पटलं, तुम्ही पण काढून बघा. आपण ज्या रस्त्याला ओलांडणार आहोत त्याचे दोन अर्धे करा, एक चौकाकडे येणारी बाजू आणि दुसरी चौकातून बाहेर जाणारी बाजू, मध्ये डिव्हायडर. येणाऱ्या बाजूच्या गाड्या फक्त त्यांचा हिरवा असतानाच चालतात, बाकी तिन्ही फेजमध्ये उभ्या. पण जाणाऱ्या बाजूला? समोरचा रस्ता सुटला की तिकडून सरळ येणारे आपल्या जाणाऱ्या बाजूत शिरतात. एका कडेचा सुटला की उजवीकडे वळणारे शिरतात. दुसऱ्या कडेचा सुटला की डावीकडे वळणारे. म्हणजे जाणारी बाजू तिन्ही फेजमध्ये चालू, आणि फक्त आपल्या रस्त्याचा स्वतःचा हिरवा असतानाच रिकामी, पण तेव्हा येणारी बाजू धो धो चालू असते!

म्हणजे सगळीकडे लालचे ते दोन-दोन सेकंद सोडले तर पूर्ण चक्रात असा एकही क्षण नसतो जेव्हा अख्खा रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळा असेल. एकही नाही. तुम्ही कितीही नियमाने उभे राहा, माणसांसाठी वेगळा फेज ठेवलेला नसेल तर एका दमात ओलांडताना कुठल्यातरी गाड्या अंगावर येणारच. इतकी वर्षं आपण सगळे हात दाखवत दाखवत रस्ते ओलांडतोय ते याच्यामुळे, आपल्यात काही कमी आहे म्हणून नाही.

यावर उत्तर त्याच चित्रात आहे. रस्ता दोन टप्प्यांत ओलांडायचा. बाकीचे रस्ते चालू असतात तेव्हा येणारी बाजू ओलांडून डिव्हायडरपर्यंत यायचं, थांबायचं, आणि आपल्या रस्त्याच्या गाड्या सुटल्या की त्यांच्याकडे पाठ करून जाणारी बाजू ओलांडायची. उलट बाजूने निघालात तर उलटा क्रम. प्रत्येक अर्धा साधारण साडेदहा मीटर, आईच्या ०.८ च्या चालीने १३ सेकंद. येणारी बाजू तर शंभरेक सेकंद थांबलेली असते आणि जाणारी बाजू मोकळी मिळते ३० सेकंद. तीच आई, तोच रस्ता, आणि आता हिशोबात वेळ उरतो! आम्ही आता असंच ओलांडतो आणि तिचा माझ्या दंडावरचा हात बराच सैल झालाय. फक्त जाणाऱ्या बाजूला तीन गोष्टी बघाव्या लागतात: यू-टर्न मारणारे, राँग साइडने येणारे टू-व्हीलर, आणि फ्री लेफ्ट. फ्री लेफ्ट असेल तर डावीकडे वळणाऱ्यांना कुठला फेजच नसतो, ते बारा महिने चोवीस तास येत राहतात आणि नेमके कडेच्या लेनमध्ये शिरतात. गाड्यांचा खोळंबा थोडा कमी होतो खरा, पण त्याची किंमत त्या कोपऱ्यावर ओलांडणारा प्रत्येक माणूस भरतो, आणि जिथे शाळा, दवाखाना, बाजार जवळ आहे तिथे फ्री लेफ्ट नसावाच असं माझं ठाम मत आहे.

आणि हे सगळं डिव्हायडरवर उभं राहायला जागा असेल तरच. एक फूट रुंदीच्या, झाडं लावलेल्या, जाळी ठोकलेल्या डिव्हायडरवर काठी घेऊन उभं राहून दाखवा कोणी. झेब्राच्या रेषेत डिव्हायडर कापून तिथे रस्त्याच्याच पातळीला सपाट जागा पाहिजे, व्हीलचेअर किंवा बाळाची गाडी पूर्ण मावेल एवढी, आणि दोन्ही बाजूंना गाड्यांपासून आडोसा. यात ना सेन्सर लागत ना सॉफ्टवेअर, सिमेंटचं काम आहे. एखाद्या चौकात एकच गोष्ट करायचं ठरलं तर मी हीच मागेन.

जिथे माणसंच जास्त आहेत, म्हणजे आपल्याकडे शालिमार, रविवार कारंजा, पंचवटी कारंजा असे बाजाराचे आणि देवदर्शनाचे भाग, अशा ठिकाणांसाठी जगात अजून एक पद्धत वापरतात, सगळ्या गाड्यांना एकदम लाल करून माणसांना सगळीकडून, तिरकंसुद्धा, ओलांडू द्यायचं. अमेरिकेत हेन्री बार्न्स या ट्रॅफिक इंजिनिअरने डेन्व्हरला आणि नंतर न्यूयॉर्कला ती गाजवली आणि टोकियोतला शिबुयाचा चौक तर सगळ्यांनी व्हिडिओत बघितला असेल. चक्रात तेवढे सेकंद वाढतात, गाड्यांना थोडं जास्त थांबावं लागतं, पण पायी माणसांची संख्या गाड्यांपेक्षा जास्त असेल तर तो सौदा न्याय्य आहे. २०२७ च्या सिंहस्थाची तयारी म्हणून रस्त्यांची एवढी चर्चा चाललीय, पर्वणीच्या दिवशी रामकुंडाकडे गाड्या बंदच असतात आणि पोलीसच सगळं बघतात, तिथे सिग्नलचा विषय नाही, पण तयारीसाठी उकरलेले चौक पुन्हा बांधताना दोन टप्प्यांची जागा तेव्हाच करून घेतली तर ती पुढच्या बारा वर्षांतल्या रोजच्या माणसाला मिळेल.

पूल बांधा, सबवे करा असं सुचवणारे खूप भेटतात. रस्त्यावरून ट्रक जायला पूल साडेपाच मीटर तरी उंच लागतो, १५ सेंटीमीटरच्या पायरीने ३५ ते ४० पायऱ्या चढायच्या आणि तेवढ्याच उतरायच्या. हायवेवर ठीक आहे, तिथे पर्याय नसतो. शहराच्या आत मात्र ज्याला १३ सेकंदात सपाट रस्ता ओलांडता आला असता त्या गुडघेदुखीच्या माणसाला तुम्ही दोन मजले चढायला लावताय.

न दिसणाऱ्यांसाठी पण सिग्नल बोलू शकतो. लाल असताना हळू टिक-टिक, हिरवा लागला की भराभर टिकटिक, ऑस्ट्रेलियात तर बटणाच्या पेटीला हात लावला की कंप पण जाणवतो, म्हणजे ऐकू न येणाऱ्यालाही कळतं. ब्रिटनमध्ये बटणाच्या पेटीखाली एक छोटा शंकू असतो, ओलांडायची वेळ झाली की तो बोटाला फिरताना लागतो. आणि फुटपाथवर, रेल्वेच्या प्लॅटफॉर्मवर ज्या पिवळ्या उंचवट्याच्या फरश्या आपण बघतो त्या जपानच्या सेइइची मियाके यांनी १९६५ मध्ये शोधल्या, ठिपके म्हणजे थांब, लांब रेषा म्हणजे या दिशेने चल. त्यांच्यावर गाडी किंवा हातगाडी लावू नका एवढी कळकळीची विनंती, पायाला ठिपके लागले नाहीत तर रस्ता कुठे सुरू झाला हे त्या माणसाला कळायला दुसरं काही नसतं. मुंबईत २०२० मध्ये दादर भागात सिग्नलच्या माणसाच्या जागी बाईची आकृती आली तेव्हा किती जणांनी फोटो टाकले होते, मलाही ते आवडलं होतं, तेवढ्याच उत्साहाने आवाजाचे सिग्नल पण मागितले पाहिजेत.

काउंटडाउनबद्दल माझं मत थोडं मिश्र आहे. माणसासाठीचा काउंटडाउन फार चांगला, १४ सेकंद उरलेत असं दिसलं की आई स्वतःच ठरवते, "राहू दे गं, पुढच्याला जाऊ." पण गाड्यांच्या लालचा काउंटडाउन ३ वर आला की पुढच्या रांगेतल्या बाइक सरकायला लागतात, १ ला तर निघालेल्या असतात, आणि चौक रिकामा व्हायचे ते २ सेकंद, जे शेवटच्या पावलावर असलेल्या माणसासाठी होते, ते संपतात. शिवाय जिथे कॅमेरे किंवा सेन्सरने गर्दी बघून सिग्नल आपोआप कमी-जास्त होतो तिथे पुढचा हिरवा नक्की किती सेकंदांनी लागणार हे कंट्रोलरलाच आधी माहीत नसतं, मग आकडा दाखवणार कुठून.

आता तपासायचं कसं ते. सकाळी लवकर, गर्दी नसताना, झेब्रावरून चालून पावलं मोजा (आपलं पाऊल किती ते घरात फरशीवर आधी मोजून ठेवा). रुंदी आली. मग कोपऱ्यावर उभं राहून माणसाचा हिरवा किती सेकंद स्थिर असतो आणि किती लुकलुकतो ते मोजा. लुकलुकणारे सेकंद रुंदी भागिले १.२ पेक्षा कमी असतील तर तो सिग्नल नियमाच्या हिशोबातसुद्धा बसत नाही, आणि ते लेखी कळवता येतं. माणसाचा दिवाच नसेल तर चारही रस्ते एकेक सुटतात की समोरासमोरचे दोन एकदम, ते लिहून घ्या आणि डिव्हायडरवर उभं राहायला जागा आहे का बघा. अर्जात "पादचाऱ्यांना त्रास होतो" एवढंच लिहिलं तर त्यावर कोणी काय करणार, "रुंदी २४ मीटर, लागणारा वेळ २७ सेकंद, मिळणारा वेळ इतका, संध्याकाळी ७ वाजता मोजला" असं लिहिलं की समोरच्या इंजिनिअरला हातात धरायला आकडा मिळतो. आमच्या भागातल्या चौकाचं मी मोजलंय आणि अर्ज लिहून ठेवलाय, सोसायटीतल्या ज्येष्ठ मंडळींच्या सह्या घेणं चालू आहे.

कॉलेज रोड, गंगापूर रोड, सिडको, पाथर्डी फाटा, पंचवटी, नाशिकरोड, कुठेही राहत असाल तर तुमच्या चौकाची रुंदी आणि सेकंद मोजून मला कळवा, सोबत वेळ लिहा आणि डिव्हायडरला थांबायला जागा आहे की नाही ते पण लिहा, मी सगळं एका तक्त्यात भरून इथेच टाकते.